अनिर्वेद : कवित्वाची आठवी माता

१

साहित्यनिर्मितीची चर्चा मराठी समीक्षेत बहुधा प्रतिभेपासून सुरू होते आणि प्रतिभेपाशीच संपते. मम्मटाने काव्यहेतू सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींचा एकत्रित निर्देश केला होता. मराठीतील काव्यशास्त्रविषयक ग्रंथांनी या त्रयीचे विवरण वेळोवेळी केले आहे. तरीही स्वच्छंदतावादी काव्यदृष्टीच्या प्रभावाखाली प्रतिभेचे पारडे इतके जड झाले, की उरलेले दोन हेतू केवळ होतकरूंना सांगण्याच्या गोष्टी ठरल्या. कवी हा जन्मतःच कवी असतो असे एकदा मानले, की त्याला काय लिहू देत नाही हा प्रश्नच उरत नाही. मग कवीचे मौन, अर्धवट राहिलेली हस्तलिखिते, लिहून फाडून टाकलेली पाने यांची रवानगी चरित्राच्या परिशिष्टात होते. तिथे त्या हकिकती म्हणून वाचल्या जातात, साहित्यविचाराचा विषय म्हणून नव्हे.

ज्याला लिहावयाचे आहे, ज्याच्याजवळ लिहिण्याजोगे काही आहे, त्याचाच हात आतून धरून ठेवणारी जी शक्ती असते तिला येथे 'आंतरिक प्रतिबंध' म्हटले आहे. हा प्रतिबंध लेखनापूर्वी येऊन जाणारा आणि लेखन सुरू होताच विरून जाणारा प्रसंग असतो, असा सर्वसाधारण समज आहे. मराठीतील काही महत्त्वाच्या संहिता पाहिल्या तर हा समज टिकत नाही. तुकोबांचे आत्मपर अभंग, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि दया पवारांचे 'बलुतं' या तिन्ही ठिकाणी प्रतिबंध संहितेच्या बाहेर राहत नाही; तो तिच्या रचनेत शिरतो आणि तिचा आकार ठरवितो. काळ, धर्मभावना आणि वाङ्मयप्रकार या तिन्ही बाबतींत इतके अंतर असलेल्या या कृती एकत्र वाचण्याचे प्रयोजन तेवढेच आहे.

२

या विचाराला आवश्यक असलेली संज्ञा संस्कृत काव्यशास्त्रात उपलब्ध आहे. ती वापरली मात्र फारशी गेलेली नाही. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'चा दहावा अध्याय कविचर्येचा आहे. त्यात कवित्वाच्या आठ माता सांगितल्या आहेत : स्वास्थ्य, प्रतिभा, अभ्यास, भक्ती, विद्वत्कथा, बहुश्रुतता, स्मृतीची दृढता आणि अनिर्वेद. प्रतिभा येथे आठांतील एक आहे, सर्वांची स्वामिनी नव्हे. आणि यादीचा शेवट अनिर्वेदाने होतो. अनिर्वेद म्हणजे खचून न जाणे, हाती घेतलेल्या कामाविषयी मनात विटाळा येऊ न देणे. उत्साह आणि अनिर्वेद एकच नव्हेत. उत्साह कार्यारंभीचा असतो, तर अनिर्वेदाची परीक्षा कार्य रेंगाळू लागल्यावर होते.

याच अध्यायात राजशेखर प्रबंधाच्या नाशाची कारणे सांगतो. ग्रंथ गहाण पडणे, विकला जाणे, आग आणि पाणी ही कारणे अपेक्षितच आहेत. त्यापुढे तो आणखी एक प्रकार नोंदवितो. नंतर पुरे करू, नंतर संस्कार करू, मित्रांशी चर्चा करून मग पाहू, अशी जी कर्त्याच्या मनाची घालमेल, ती आणि राष्ट्रावर आलेले अरिष्ट या दोहोंना तो एकाच वाक्यात प्रबंधविनाशाची कारणे म्हणून बसवितो. परचक्राने ग्रंथ नष्ट होतो तसाच 'उद्या करू'नेही होतो. शिवाय ज्या तीन सबबी राजशेखराने निवडल्या आहेत, त्यांपैकी एकही आळसाची नाही. पूर्णता, संस्कार आणि सहृदयांशी विचारविनिमय हे एरवी साहित्यिकाचे सद्गुणच होत. आंतरिक प्रतिबंध नेहमी दुर्गुणाच्या रूपाने येतो असे नाही. पुष्कळदा तो विवेकाची वस्त्रे नेसून येतो, हे या शास्त्रकाराने ओळखले होते. म्हणूनच त्याने कवीच्या दिवसाचे प्रहर पाडून दिले : पहिल्यात विद्यांचे अनुशीलन, दुसऱ्यात रचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी आणि चौथ्यात सकाळी रचलेल्याची परीक्षा. रसाच्या आवेशात रचना करणाऱ्याची दृष्टी चिकित्सक नसते, म्हणून परीक्षा नंतर करावी, असे त्याचे कारण आहे. रचना आणि चिकित्सा यांचे प्रहर वेगळे करणे, म्हणजे चिकित्सेला रचनेचा गळा धरू न देणे, हा या वेळापत्रकामागचा खरा विचार दिसतो.

राजशेखराच्या व्यवस्थेची मर्यादाही उघड आहे. त्याच्या कवीला निवांत घर आहे, सेवक आहेत, लेखनसाहित्य हाताशी आहे आणि राजसभा आहे. स्त्रियाही पुरुषांप्रमाणे कवी होऊ शकतात, कारण संस्कार आत्म्याशी निगडित असतो, तो स्त्रीपुरुषभेद पाहत नाही, असे तो स्पष्टपणे म्हणतो; तथापि त्यासाठी ज्यांचे दाखले देतो त्या राजकन्या, मंत्रिकन्या, गणिका अशा दरबाराच्या वर्तुळातील आहेत. ज्याला लिहिण्याचा अधिकारच समाजाने नाकारला आहे, त्याच्या मनातील प्रतिबंध कसा असतो, हा प्रश्न राजशेखरासमोर नव्हता. मराठी साहित्याच्या इतिहासात तो पुनःपुन्हा उभा राहतो. अनिर्वेदाची संकल्पना मराठीत आणावयाची तर तिचा हा विस्तार करावा लागेल.

३

तुकोबांनी स्वतःची हकिकत सांगणारा जो सुप्रसिद्ध अभंग रचला आहे, तो चरित्राचे साधन म्हणून फार वापरला गेला. निर्मितिप्रक्रियेचा आलेख म्हणून त्याकडे पाहिल्यास निराळ्या गोष्टी दिसू लागतात. दुष्काळाने द्रव्य आणि मान नेला, एक स्त्री अन्न अन्न करीत मेली, व्यवहार तोट्यात गेला, मनाला लाज वाटू लागली, असा आरंभ आहे. पुढे भंगलेले देऊळ दुरुस्त करावेसे वाटले, एकादशीला कीर्तन करू लागलो, पण आधी चित्त अभ्यासात नव्हते, अशी कबुली येते. मग संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले, संतांचे चरणतीर्थ घेतले आणि त्या वेळी मनात लाज येऊ दिली नाही. त्यानंतर स्वप्नातील गुरूपदेश, नामावरील विश्वास. आणि एवढे झाल्यावर, यानंतर, कवित्वाची स्फूर्ती.

या क्रमात 'लाज' दोनदा येते, याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. पहिल्यांदा ती वाटते. दुसऱ्यांदा ती येऊ दिलेली नाही. या दोन उल्लेखांच्या मधल्या अंतरातच तुकोबांच्या कवित्वाची जडणघडण झाली आहे. आणि त्या अंतरात काय आहे? डोंगर फोडणारा इच्छाशक्तीचा आविष्कार तिथे नाही. देवळाची डागडुजी आहे, पाठांतर आहे, दुसऱ्याच्या मागे धरलेले ध्रुपद आहे. लहान, इतरांच्या आधाराने करावयाची, स्वतःचे कर्तेपण पुढे न करणारी ही कामे आहेत. स्फूर्ती त्यांच्या शेवटी येते, आरंभी नव्हे. स्फूर्तीची वाट पाहत बसणाऱ्या काव्यविचाराला हा क्रम अडचणीचा वाटण्याजोगा आहे.

संस्कृत रसव्यवस्थेत निर्वेद हा व्यभिचारी भावांतील पहिला आणि शांतरसाचा स्थायी मानला गेला आहे. तुकोबांची गणना स्वाभाविकपणे निर्वेदाच्या कवीत होते. दुष्काळानंतरची त्यांची विरक्ती हा निर्वेदच होय. मात्र संसाराविषयीचा निर्वेद आणि रचनेविषयीचा अनिर्वेद एकाच मनात नांदू शकतात. किंबहुना तुकोबांच्या बाबतीत पहिल्याने दुसऱ्यासाठी जागा मोकळी केली असे दिसते. प्रपंचात जे गमवावयाचे होते ते गेल्यावर लाजेला धरून ठेवण्यासारखे काही उरले नाही.

स्वप्नाच्या अभंगाकडे या संदर्भात पुन्हा वळले पाहिजे. पांडुरंगासह नामदेव स्वप्नात येतात, कवित्व करण्याचे काम सांगतात, विठ्ठल थापटून सावध करतो आणि शतकोटीच्या संकल्पातील उरलेली संख्या तुकोबांनी पुरी करावी असे ठरते. हॅरॉल्ड ब्लूम यांनी १९७३ मध्ये मांडलेला 'प्रभावाच्या चिंते'चा सिद्धान्त मराठी समीक्षेतही चर्चिला गेला. समर्थ पूर्वसूरी हा नंतरच्या कवीच्या वाटेतील अडथळा असतो आणि त्याचे हेतुतः चुकीचे वाचन करूनच नवा कवी आपली जागा मिळवितो, असे त्या सिद्धान्ताचे सार आहे. तुकोबांचे स्वप्न याच्या नेमके उलट आहे. येथे पूर्वसूरी वाट अडवीत नाही, तोच येऊन उठवितो. तो आपली थोरवी दाखवीत नाही, आपले अपुरेपण दाखवितो : संकल्प उरला आहे, तो तू पुरा कर. ज्या परंपरेत काव्य ही एका व्यक्तीची मिळकत नसून चालत आलेले काम आहे, तेथे पूर्वसूरीविषयीची भीती कार्याच्या आज्ञेत रूपांतरित होऊ शकते. शूद्र म्हणविणाऱ्या एका वाण्याला 'मी कोण लिहिणार?' या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले, की प्रश्न 'मी'चा नाहीच. काम उरले आहे.

आपण बोलत नसून बोलविता धनी वेगळा आहे, या आशयाचे तुकोबांचे उद्गार केवळ विनय म्हणून घेतले जातात. विनय त्यात आहेच. त्याबरोबर प्रतिबंध ओलांडण्याची एक रीतही त्यात आहे. कर्तेपण दुसऱ्याच्या हाती देऊन तुकोबा लिहिण्यासाठी मोकळे होतात. या रीतीचे दुसरे टोक इंद्रायणीकाठी दिसते. निषेधाचा आघात झाला, चित्त दुखावले, वह्या बुडवाव्या लागल्या आणि तुकोबा धरणे धरून बसले, असे तोच अभंग सांगतो. परंपरा हा काळ तेरा दिवसांचा मानते. धरणे कोणाच्या दारात धरतात? ज्याच्याकडे आपले येणे आहे त्याच्या. ज्याने आज्ञा दिली त्याने आता तिचे उत्तर द्यावे, ही भूमिका कर्तेपण सोडल्यामुळेच शक्य झाली. वह्या बुडाल्या तेव्हा 'माझे काव्य वाईट म्हणून बुडाले' असे तुकोबांना म्हणावे लागले नाही. बाहेरच्या निषेधाला आतल्या निर्वेदात उतरू न देण्याचे हे सामर्थ्य म्हणजेच अनिर्वेद.

४

लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) बाबतीत प्रश्न अधिक घरगुती आणि म्हणूनच अधिक अवघड आहे. सोवळ्याच्या अतिरेकाने पछाडलेले माहेर, लहान वयात झालेले लग्न, शाळेचा संबंध नाही, पती नारायण वामन टिळक हे नामांकित कवी आणि कमालीचे लहरी. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर आणि मनातल्या दीर्घ झगड्यानंतर १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही तो स्वीकारला. सँड्रा गिल्बर्ट आणि सुसान गुबार यांनी १९७९ मध्ये ब्लूम यांना उत्तर देताना असे दाखविले, की स्त्रीलेखिकेची चिंता प्रभावाची नसून लेखकत्वाचीच असते. पूर्वसूरींपुढे आपण कमी पडू याआधी, आपण लिहिणारी व्यक्ती असूच शकतो का, असा तिचा प्रश्न असतो. लक्ष्मीबाईंच्या घरात हा प्रश्न एकाच माणसाच्या रूपाने वावरत होता. त्यांना अक्षरओळख करून देणारा, त्यांच्या अज्ञानावर संतापणारा आणि त्यांच्या डोळ्यांसमोर कविता लिहिणारा पुरुष एकच होता.

लक्ष्मीबाईंनी यातून काढलेली पहिली वाट तुकोबांच्या वाटेशी जुळणारी आहे. १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांपाशीच थांबलेले होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि त्याचे बहुसंख्य अध्याय रचले. शिकलेल्या, सिद्धहस्त कवीने अपुरे ठेवलेले काम शाळेत न गेलेल्या पत्नीने हाती घ्यावे, यातील धाडस 'पतीचे अपुरे कार्य' या सर्वमान्य शब्दांआड झाकले जाते. पण ते झाकले गेल्यामुळेच शक्य झाले, असेही म्हणता येईल. उरलेल्या कामाची आज्ञा पुन्हा एकदा लेखकत्वाचा दरवाजा उघडून देते. मात्र फरक लक्षात घ्यावयास हवा. नामदेवांच्या संकल्पातून तुकोबांची स्वतःची वाणी प्रकटली. 'ख्रिस्तायन'मध्ये लक्ष्मीबाईंची स्वतःची वाणी तितक्या प्रमाणात प्रकटत नाही. दुसऱ्याचे काम पुरे करताना दुसऱ्याचा साचाही पत्करावा लागला. कर्तेपण सोडून देण्याच्या रीतीची ही किंमत आहे आणि ती समीक्षेने नोंदविली पाहिजे.

त्यांची वाणी प्रकटली ती १९३४ पासून क्रमाने चार भागांत आलेल्या 'स्मृतिचित्रे'त. येथे प्रतिबंध ओलांडण्याची रीत वेगळी आहे. शीर्षकच पाहावे : चरित्र नव्हे, चित्रे, एकसंध, अधिकारवाणीने मांडलेले आयुष्य नव्हे, तर सुटे सुटे प्रसंग. मोठा ग्रंथ लिहावयाचा आहे या दडपणाखाली जी लेखणी उचललीच गेली नसती, ती एक प्रसंग सांगण्यासाठी सहज उचलली जाते. दुसरे साधन विनोदाचे. 'स्मृतिचित्रे'तील विनोदाचे कौतुक मराठी वाचकांनी मनापासून केले आहे. तो निर्मळ आहे, कडवटपणा नाही, असे सगळेच म्हणतात. परंतु या विनोदाचे लक्ष्य फार वेळा निवेदिकेचे स्वतःचेच अज्ञान असते, ही गोष्ट साधी नव्हे. 'हिला काय येते?' हा जो प्रश्न जन्मभर बाहेरून आणि म्हणून आतूनही ऐकू येत राहिला, तो निवेदिका स्वतःच पहिल्यांदा विचारून मोकळी होते आणि हसते. वाचक हसला की प्रश्नाचा दंश जातो. आणि त्याच हसण्याच्या ओघात टिळकांच्या संतापाचे, विक्षिप्तपणाचे, संसाराच्या परवडीचे जे चित्र उभे राहते, ते एखाद्या तक्रारीने उभे राहिले नसते. तुकोबांनी लाज येऊ दिली नाही. लक्ष्मीबाईंनी ती येऊ दिली, तिला शेजारी बसविले आणि तिच्याकडूनच काम करून घेतले.

५

दया पवारांच्या 'बलुतं'पाशी (१९७८) येताना परंपरेच्या आज्ञेचा हा धागा तुटतो. दलित साहित्याची चळवळ तोवर उभी राहिलेली होती. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ मध्ये आणि पवारांचा स्वतःचा 'कोंडवाडा' हा कवितासंग्रह १९७४ मध्ये आला होता. पूर्वसूरी नव्हते असे नाही. पण आपल्या खासगी जगण्याची, नात्यागोत्याची, स्वतःच्या दुबळेपणाची हकिकत गद्यात सांगावी, असे सांगणारा नामदेव तेथे नव्हता. आणि पुरे करावयाचे असे कोणाचे अर्धवट पुस्तकही नव्हते. उलट जे सांगावयाचे ते झाकण्यातच त्या जीवनाची शक्ती खर्ची पडलेली होती. बागुलांच्या शीर्षकातील 'चोरणे' हे क्रियापद या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ज्याने जात चोरून दिवस काढले त्याने लिहावयाचे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यावयाची.

या प्रतिबंधातून 'बलुतं'चा रचनाबंध निर्माण झाला. पुस्तकाच्या आरंभीच एका माणसाच्या दोन रूपांची गाठ पडते. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. पांढरपेशा, शिकलेला, लेखक म्हणून नाव मिळविलेला दया आणि ते नाव धारण करण्यापूर्वीचा, आतून कधीच न गेलेला दगडू. या योजनेकडे निवेदनतंत्रातील क्लृप्ती म्हणून पाहणे अपुरे आहे. सांगण्याची आज्ञा देणारे बाहेर कोणी नसल्यामुळे लेखकाने स्वतःचेच दोन भाग केले : एकाला सांगण्याचा अधिकार दिला, दुसऱ्याला ऐकून घेण्याचे बंधन घातले. ज्या लाजेने आजवर तोंड बांधले होते ती नाहीशी झालेली नाही; ती दोन नावांच्या मधल्या जागेत, संहितेच्या चौकटीतच राहिली आहे. पुढे कावाखान्याची वस्ती, आई, संसाराची मोडतोड यांविषयी निवेदन जेव्हा निर्दयपणे स्पष्ट होते, तेव्हा वाचक हे विसरू शकत नाही, की हे सर्व ऐकणारा पहिला माणूस सांगणाराच आहे.

आत्मकथनांवर पुढे जे आक्षेप आले, त्यांत 'आपलीच घाण चव्हाट्यावर का मांडावी?' हा आक्षेप लेखकांच्या स्वतःच्या समाजांतूनही आला. हा आक्षेप बाहेरचा दिसला तरी तो पुस्तक लिहिले जाण्यापूर्वीच लेखकाच्या मनात येऊन गेलेला असतो. 'बलुतं'च्या रचनेने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. चव्हाट्यावर मांडण्याच्या अगोदर ते स्वतःपुढे मांडावे लागले, हे ते उत्तर.

६

या तीन उदाहरणांवरून आंतरिक प्रतिबंधाविषयीच्या दोन्ही प्रचलित भूमिका अपुऱ्या ठरतात. पहिली भूमिका प्रतिबंधाला वैयक्तिक दौर्बल्य मानते आणि निश्चयाचा, शिस्तीचा उपदेश करते. ती हे विसरते, की तुकोबांची लाज, लक्ष्मीबाईंचा न्यूनभाव आणि दगडूचे मौन ही त्यांची एकट्याची निर्मिती नव्हती. समाजाने दीर्घकाळ उच्चारलेला निषेध तेथे मनाच्या आवाजात बोलत होता. दुसरी भूमिका सर्व प्रतिबंध समाजाच्या खात्यावर टाकते. सामाजिक समीक्षेने या भूमिकेतून पुष्कळ महत्त्वाचे कार्य केले. तरीही तिच्यात लेखकाने स्वतः काय केले या प्रश्नाला जागा उरत नाही. निषेध सर्वांवरच होता. वह्या बुडाल्यावर धरणे धरून बसणारा एक होता, प्रसंगामागून प्रसंग सांगणारी एक होती, स्वतःला समोर बसवून ऐकविणारा एक होता. समाजाच्या निषेधाचे विवेचन करताना या कृतीचे मोल कमी होता कामा नये, अन्यथा ज्यांच्या बाजूने समीक्षा बोलते त्यांनाच ती कर्तेपण नाकारते.

अनिर्वेद या संज्ञेचे महत्त्व येथे आहे. तिच्यात प्रतिभेच्या दैवीपणाचा अहंकार नाही आणि परिस्थितीच्या शरणागतीची हताशाही नाही. राजशेखराने तिला माता म्हटले, हेही विचार करण्याजोगे आहे. प्रतिभा वीज असेल. माता ही रोज सांभाळणारी असते. देवळाची डागडुजी, एकेक सुटे चित्र, रात्रीच्या निवांतात स्वतःशी चाललेले बोलणे, या सर्वांत ती दिसते. तिचा मार्ग प्रत्येक वेळी वेगळा असला तरी एक गोष्ट समान आहे : 'मी लिहिण्यास पात्र आहे का?' या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची वाट या तिघांपैकी कोणीच पाहिली नाही. तिघांनीही प्रश्नाची जागा बदलली. तुकोबांनी तो आज्ञा देणाऱ्याकडे सोपविला, लक्ष्मीबाईंनी तो हसून वाचकाच्या हाती दिला, पवारांनी तो दोन नावांत वाटून घेतला.

मराठी समीक्षेने आणि विद्यापीठीय अध्यापनाने या दिशेने वाचन केल्यास काही परिचित संहिता वेगळ्या दिसतील. आत्मपर अभंगांतील क्रम, आठवणींतील विनोद, आत्मकथनांतील दुभंग यांचे विवेचन केवळ भक्ती, स्वभाव किंवा तंत्र या सदरांखाली करून भागणार नाही. एखादी कृती कोणत्या प्रतिबंधातून बाहेर आली, तो ओलांडताना तिने कोणती युक्ती योजली आणि त्या युक्तीची किंमत कोठे मोजली, हे प्रश्न कृतीच्या अंतरंगाचेच आहेत. ते विचारावयाचे तर समीक्षेलाही राजशेखराच्या यादीतील शेवटचे नाव पुन्हा वाचावे लागेल. लिहिण्यास बसलेल्या आणि लिहू न शकणाऱ्या विद्यार्थ्याला प्रतिभेचे विवेचन ऐकवून आजवर काही देता आलेले नाही. त्याच्यापुढे तुकोबांनी मागे राहून धरलेले ध्रुपद ठेवले, तर निदान आरंभ कोठून होतो हे त्याला दाखविता येईल.